महिपती पैलवानाची संथ नाडी

पवनानगरच्या आसपास महिपती पैलवानाची नाडी मोजली नाही असा माणूस विरळाच. पंचविशीत जत्रेतली मानाची कुस्ती मारल्यावर कुणा डॉक्टरने मनगट धरून म्हटलं होतं, नाडी संथ आहे, खरा पैलवान. तेवढं एक वाक्य गड्याने जन्मभर पुरवलं. कुस्ती सुटली, पोट सुटलं, सत्तरी जवळ आली, तरी चहाच्या टपरीवर मनगट पुढे करायची खोड काही सुटेना. नाडी चाळीसच्याही खाली उतरली, तेव्हा तर त्याने मिशीला पीळ दिला.

चढावर दम लागायचा, भाताच्या बांधावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको रतनबाईने दवाखान्याचं नाव काढलं की हा म्हणायचा, पैलवानाचं काळीज निवांतच चालतं, तुला काय कळतंय. यंदा जत्रेत तो पंच म्हणून आखाड्यात उतरला. कुस्ती ऐन रंगात आली आणि पंचच चीतपट झाला.

तळेगावच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. हृदय कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही, त्या म्हणाल्या. त्याच्या वरच्या भागात पेशींचा एक बारीक पुंजका असतो, तो आपसूक विजेची ठिणगी सोडतो. ठिणगी मध्यावर येऊन क्षणभर थांबते, तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरतात, मग ती खाली पसरते आणि ठोका पडतो. महिपतीची मधली वाटच बंद पडली होती. वर ठिणगी पडत होती, खाली निरोप पोचत नव्हता. खालचे कप्पे आपल्या अकलेने रेटत होते, कसेबसे. ही नाडी पैलवानाची नव्हती, आजाऱ्याची होती. महिपतीला ते फार लागलं.

पेसमेकर बसवायचा म्हटल्यावर त्याने साफ नकार दिला. भेटायला आलेल्या, टपरीवरच्या दोस्त भिमाजीने अक्कल पाजळली होती की मशीन बसलं की माणूस मेला तरी काळीज चालूच राहतं. महिपतीचा बाप दोन वर्षं खाटेवर खितपत पडून गेला होता. तसलं मरण त्याला नको होतं.

रतनबाईने हे त्याच्याकडून काढून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. ज्याची भीती वाटते ते यांना विचार, म्हणाली, भिमाजीला नको.

"यंत्र फक्त ठिणगी देतं, आबा," बाई म्हणाल्या. "तीही तुमचा ठोका चुकला तरच. आवळायचं काम मांसाचंच. ते थकलं, तर यंत्राने कितीही ठिणग्या दिल्या तरी हृदय चालत नाही."

"म्हंजी जायचं का ऱ्हायचं, ते माझ्याच काळजानं ठरवायचं?"

"व्हय," बाई हसून म्हणाल्या.

महिपतीच्या मनावरचं ओझं उतरलं. पण पैलवानच तो, लगेच हार कशी मानणार? म्हणाला, भातलावणी उरकली की बसवू.

रतनबाई भिंतीला टेकून उभी होती. ती नवऱ्याशी नाही, डॉक्टरीणबाईंशीच बोलली.

"आजच बसवा, बाई. वरीस झालं, ह्यो निवांत झोपतोय, आन् मी ह्याच्या छातीवर कान ठिवून पडते. येक ठोका पडला की दुसरा येईस्तवर माजा जीव थाऱ्यावर नसतो."

महिपती बायकोकडे बघत राहिला. लावणीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.