फुलपाड्याचा पत्ता

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. त्यामुळे फुलपाड्यात माझ्या यादीतल्या एका गरोदर मुलीच्या सासूबाईंनी दार अर्धंच उघडून सून जूचंद्रला आईकडे गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी आधी चिडले आणि मग घाबरले.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं मी वसई-विरार भागात एका रुग्णालयातर्फे गरोदर बायकांच्या पाहणीचं काम करत होते. बाई तपासणीला कधी येते, बाळंतपणाचा खर्च कोण उचलतं, एचआयव्हीची तपासणी झाली की नाही, असं सगळं घरोघरी जाऊन लिहून घ्यायचं. प्रश्नावली मुळात आफ्रिकेतल्या कामासाठी तयार झालेली, आम्ही तिचं मराठी केलं होतं. दवाखान्यापर्यंत चालत किती तास लागतात, असं फुलपाड्यात विचारलं की बायका हसायच्या, कारण तिथे दर दोन इमारतींमागे एका डॉक्टरची पाटी. पण एचआयव्हीवरची गोळीही तिकडूनच आली होती आणि तिला कुणी हसत नव्हतं. आईला लागण असेल तर कळा सुरू झाल्यावर तिने ती एक गोळी घ्यायची, आणि बाळाला तीन दिवसांच्या आत औषधाचे थेंब पाजायचे. तिकडच्या आयांनी ती आधी घेतली, म्हणून ती आमच्यापर्यंत पोचली. एवढ्याने बाळ सुटण्याची शक्यता पुष्कळ वाढायची.

जूचंद्रला गेलेली ही मुलगी जेमतेम बावीस वर्षांची, पहिलटकरीण. तिला लागण होती, सातिवलीला कारखान्यात जाणाऱ्या तिच्या नवऱ्यालाही होती. दोघांशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सासू रोज कपाट आवरते म्हणून गोळी घरी ठेवायला ती तयार होईना. शेवटी ठरलं की कळा आल्या की तिने आमच्या रुग्णालयात यायचं, गोळी तिथेच मिळेल. मी फॉर्मवर फुलपाड्याचा पत्ता लिहिला आणि खाली ऐटीत सही ठोकली. आता गोळी रुग्णालयाच्या कपाटात, मुलगी जूचंद्रला आणि दिवस भरत आलेले.

सासूबाईंनी माझा चेहरा वाचला असावा. तपासणीत काही निघालं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. छे हो, दोन प्रश्न राहिलेत, असं म्हणून मी विहिणीच्या घराची खूण विचारली. देवळामागे, दारात मोठी रांगोळी असते, म्हणाल्या. रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्रमध्ये कुणाच्या दारात नसते? पण आणखी खोदून विचारायची माझी छाती झाली नाही.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी नियम दाखवला. गोळी आमच्या नजरेसमोरच घ्यायची, बाहेर द्यायची नाही. मी टेबलावर हात आपटला. त्या फॉर्मला, तो पाठवणाऱ्या साहेबांना, सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलले. इतके प्रश्न आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये! बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कुणाला तरी फोन केला, आणि मग गोळी व जूचंद्रकडच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरसाठी बंद पाकिटात चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. बाळाला तिसऱ्या दिवसाच्या आत इथे आणायचं, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

जूचंद्रला तीन दारं चुकून मी मुलीच्या माहेरी पोचले. मुलगी ओटीवर पाय पसरून बसलेली, भोवती आई आणि तीन चुलत्या वाटाणे सोलताहेत. मला पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. प्रश्न तिला एकटीलाच विचारायचे आहेत, असं मी म्हटलं. चुलत्यांना ते अजिबात पटलं नाही. आमच्यासमोर इचार, त्यात काय, असं म्हणत त्या उलट जवळ सरकल्या.

मग मी तो फॉर्मच बाहेर काढला. घराला खिडक्या किती, भिंती कशाच्या, पाणी कुठून येतं, दवाखान्यापर्यंत चालत किती तास. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला, प्रत्येक उत्तर हळूहळू लिहिलं. मध्येच मुलीने कमरेवर हात दाबला. दुपारपासून थोडं दुखतंय, ती पुटपुटली. मी वाचत राहिले. बैलगाडी आहे का, शेळ्या आहेत का. एक चुलती जांभई देत उठली, दुसरी चुलीकडे गेली, तिसरीला गाय आठवली. आई मात्र हलेना.

शेवटी मुलगीच बोलली. आईच्या कानाशी लागून, खाली मान घालून तिने सगळं सांगितलं. मी तोवर फॉर्मकडे पाहत होते, एकही अक्षर दिसत नव्हतं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने हात पुढे केला.

"कवा द्यायची ती सांग. बाकी मना काय सांगू नको."

मी दोनदा सांगितलं. तिने गोळी पदराच्या टोकाला बांधली, चिठ्ठी चोळीत सरकवली आणि पुन्हा वाटाणे सोलायला घेतले.

पुढचे दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. गोळी वेळेवर दिली असेल का, पदर धुवायला टाकला असेल का, नाही नाही ते मनात यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई रुग्णालयासमोर रिक्षातून उतरली. छातीशी दुपट्यात बाळ. बाळ पिवळं दिसतंय, दाखवून आणते, असं घरी सांगून ती निघाली होती. कळ सुरू झाली तशी गोळी दिली, पाण्याबरोबर, स्वतःच्या हाताने, एवढंच तिने सांगितलं. बाळाने थेंब गिळले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले.

पण बाळ खरंच सुटलं का, ते अठरा महिन्यांनी त्याचं रक्त तपासल्यावरच कळणार होतं. त्या तपासणीच्या दिवशीही नातवाला घेऊन मुलीची आईच आली. मुलगी बाहेर बाकावर बसून राहिली, तिच्याने आत येववेना. कागद माझ्या हाती आला. पोराला लागण नव्हती. मी ते तीनदा वाचलं आणि मुलीच्या आईला सांगितलं.

ती बराच वेळ पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता दोन गोड शब्द ऐकायला मिळणार. ते येईनात, म्हणून मी स्वतःच सुरुवात केली. तो फॉर्मच कसा चुकीचा होता, त्यात माहेरचा पत्ता विचारायला जागाच कशी नव्हती, हे सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुजा पयला बालंतपन कुठं झाला व्हता?"

"चिपळूणला," मी म्हटलं. "आईकडे."

तिने पोराला उचलून कडेवर घेतलं आणि लेकीला सांगायला बाहेर गेली.