किसनच्या वहाणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बायकोला वाटतं, प्रदर्शनातून आल्यापासून मी गोळ्या बदलल्यामुळे चिडचिड करतोय. वाटू दे. तुम्हाला सांगतो — कारण तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगणं सोपं. बघा, सुरुवातच ही अशी. सोपं तेवढं निवडायचं, ही माझी जन्माची खोड.

जालन्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत छोटं संग्रहालय निघालंय. तिथं सध्या पादत्राणांचं प्रदर्शन आहे. चपला, खडावा, फौजीचे बूट, लग्नातले जरीचे जोडे, आणि प्रत्येकापुढे एक चिठ्ठी — हे कुणाचं, आणि त्याचा अर्थ काय. भरवणारी मंडळी तरुण, उत्साही. घरात जुनं काही असेल तर द्या, सोबत त्याची गोष्ट लिहून द्या, असा निरोप त्यांनी गावोगाव धाडला होता. मी दिलं. वहाणांचा एक जोड. तिसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलाय, आणि वरून त्याच्यावर पिवळा दिवा सोडलाय. दिवा! देवाच्या मूर्तीवर सोडतात तसा. तो बघून माझं डोकंच फिरलं. पण दिव्यावर रागावून काय होणार?

चिठ्ठीत मी लिहिलं होतं — 'टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावचे कुशल कारागीर किसनराव यांनी आमच्या घराला प्रेमाने दिलेला जोड. त्या काळीही आमच्या घरात भेदभाव नव्हता.' खाली माझं नाव, आणि 'निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, अंबड'.

तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली मी. खोटं प्रतिज्ञापत्र दोन ओळींत ओळखायचो आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालायचो. ही दोन वाक्यं लिहिताना मात्र हात एकदाही अडखळला नाही. किसनराव म्हणे! जन्मात कधी त्याला राव म्हणालो होतो का? माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी त्याला 'किसन्या' म्हणायचो आणि तो मला 'धाकले मालक' म्हणायचा. आताही बघा, वयाचा मान ठेवून 'ते' म्हणावं, तर माझ्या तोंडातून 'तो'च निघतोय. निदान इथं तरी नाटक करत नाही.

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडचं. किसन चर्मकार. गावातल्या मोठ्या घरांच्या वहाणा तोच शिवायचा, आणि काय शिवायचा! तळाच्या दोन थरांमध्ये बिया घालून शिवलं की वहाण चालताना करकर वाजते. आप्पा, म्हणजे माझे वडील, गल्लीच्या तोंडाशी आले की आवाजावरून घरात कळायचं. आणि हे वाजतं पायताण शिवणारा किसन स्वतः अनवाणी. कधी टायरची चप्पल असलीच, तर पारापासून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ती हातात धरून जायचा. कुणी सांगावं लागत नव्हतं. तशी रीतच होती, असं आम्ही म्हणायचो. रीत! केवढा सोयीचा शब्द.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. कॉलेजात होतो. समतेवरच्या भाषणात मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि ते अंगात असं भिनलं होतं की सुट्टीत गावी आलो ते गाव सुधारायलाच. किसनच्या दाराशी उकिडवा बसायचो आणि त्याला शिकवायचो. एक दिवस म्हणालो, "तू सोतासाठी का शिवत न्हाईस? वाजता जोड शिव. पाडव्याला घालून ये पारावरून. कोण काय म्हणतो ते मी बघतो."

तो हसला. "तुमी हाव न्हं, धाकले मालक? मंग शिवतो."

तुमी हाव न्हं. एवढंच विचारलं त्यानं. मी मांडीवर थाप मारून हो म्हणालो.

पाडव्याला आमच्याकडे पारावर पंचांग वाचतात. सगळा गाव जमलेला. आणि लांबून आवाज आला — करकर, करकर. वाचणारा थांबला. किसन धुतलेलं धोतर नेसून चालत येत होता. मान खाली, पण पाय नीट टाकत. कधी नव्हे ते त्याचे पाय वाजत होते, आणि सगळे त्याच्या पायांकडेच बघत होते.

आप्पांनी आवाज चढवला नाही. "कुनी शिकिवलं रं तुला हे?" एवढंच विचारलं.

किसननं माझं नाव घेतलं नाही — हे नीट ऐका, त्यानं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलं. मला किती शब्द बोलायचे होते? 'आप्पा, मी सांगितलं.' तीन. फार तर एक थोबाडीत बसली असती. मी पोटचा मुलगा, घरातून कुणी हाकलणार नव्हतं. पण आप्पांची नजर माझ्याकडं वळली. मी ओरडलो, "माझ्याकडं काय बघतो? काढ त्या! माजलास का?"

तो वाकला, पण सावकाश. मला ते सावकाशपण सोसवेना. म्हणून पारावरून उतरलो, खाली बसलो आणि माझ्या हातानं त्याच्या पायातली वहाण ओढली. एका पायावर उभा राहिल्यामुळे त्याचा तोल गेला. पडू नये म्हणून त्यानं माझ्या खांद्याला धरलं. मी खांदा झटकला. लोक बघत होते ना! तो मातीत बसला, आणि दुसरी वहाण त्यानं स्वतःच काढून माझ्यापुढे ठेवली. पारावर कुणीतरी हसलं. मीही हसलो.

काही झालंच नाही, असं पुन्हा पंचांग सुरू झालं. वहाणा आमच्या माळ्यावर गेल्या. त्याच्या पायाला लागलेल्या, म्हणून घरात कुणी घालणार नव्हतं, आणि कातडं चांगलं, म्हणून कुणी फेकणारही नव्हतं. महिन्याभरात किसन बायकोमुलीला घेऊन गाव सोडून गेला. डोक्यात हवा गेल्ती त्याच्या, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. पुढं मी नोकरीत लागलो, दरवर्षी समतेवर भाषण करायला लागलो, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आता प्रदर्शनाचं. गेल्या रविवारी मी गेलो ते खरं तर माझी चिठ्ठी लोक वाचतात का, हे बघायला. पेटीपुढे एक बाई उभी होती. पन्नाशी उलटलेली. परतूरहून बचत गटाच्या बायकांबरोबर आलेली. डोळ्यांना पदर लावून चिठ्ठी पुन्हापुन्हा वाचत होती. मी मोठेपणानं म्हणालो, "हा जोड मीच दिलाय."

ती वळली. "काका, ह्ये किसन म्हंजी माझे वडील, माझे अण्णा. त्याच गावचे आमी."

पळून का गेलो नाही, माहीत नाही. ती बोलत राहिली. अण्णा परतूरला रस्त्याकडेला बसून लोकांच्या चपला शिवत राह्यले, पण स्वतः जन्मभर अनवाणी. उन्हात पाय भाजायचे. घरात त्यावरून भांडणं व्हायची, तरी पायात काही घातलं नाही. मरताना टाचांना भेगा होत्या. आईला वाटायचं, माणूस भ्रमिष्ट झालाय.

"मला मातर जल्मभर वाटायचं, गावात कुनी तरी लई अपमान केला असंल. पन अण्णा सांगायचे न्हाईत. आज चिठ्ठी वाचली आन् बरं वाटलं बघा." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "काका, खरंच प्रेमानं दिल्ता न्हं त्यांनी ह्यो जोड?"

पन्नास वर्षांनी पुन्हा तीच वेळ माझ्यावर आली होती, खरं सांगायची. आता आप्पा नव्हते. पार नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. कुणाला भ्यायचं होतं मी? सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला थोबाडीत कोण मारणार होतं?

"हो," मी म्हणालो. "फार जीव होता त्यांचा आमच्यावर."

हे बोललो ते तिच्या समाधानासाठी, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला पटवत होतो. साफ खोटं. तिच्या बरं वाटण्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. पेटीपुढे अजून चार माणसं होती, आणि खाली माझं नाव होतं, एवढंच खरं.

तिनं डोळे पुसले. पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या पायात बूट होते. तिचा हात बुटांवरून फिरला आणि तिनं तो कपाळाला लावला. मी पाय मागे घेतला नाही.

तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुखी राहा म्हणालो.