बाहेरून बर्फ धरलेला कॅन

आमच्या मालकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अख्खं बेला गाव डाक्टर म्हणे. कसले डाक्टर! सुधाकरराव जनावरांच्या दवाखान्यात साधे मदतनीस. कोणाची गाय माजावर आली की सायकलला कॅन बांधून निघायचे, त्यातली गोठवलेल्या बीजाची कांडी काढून गाय भरवायचे.

त्या कॅनचं मात्र भारी कौतुक. आत पाण्यासारखा दिसणारा नायट्रोजन, बोट बुडवलं त मोडून पडंल इतका थंडा. कॅनला दोन भिंती, अन् मधी काहीच नाही, हवाबी नाही. म्हणून बाहेरची गरमी आत जात नसे.

सत्त्याऐंशीच्या भादव्यात एका सकाळी कॅन बाहेरून पांढरा झाला. हे खुश! मला बोलावलं, "पाहय वं, बाहेरून एवढा थंडा, त आत किती असंल!" काठी बुडवून आत किती उरलं ते पाहायचं असते, तेबी केलं नाही. तसेच दुपारी भागाबाईकडं गाय भरवायला गेले.

भागाबाई विधवा. वासरू असताना त्या गायीची माय मेली, तवा हिनंच चिंधीनं दूध पाजून तिला जगवलं. पण गाय दोनदा उलटली होती, भरवूनबी गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती, अन् लेक चंपत म्हणाला होता, "ह्या खेपी नाही फळली त बाजारात नेतो." गोठ्यात दुसरं कोणी नव्हतं. दोर भागाबाईनंच धरला.

चार दिवसांनी नायट्रोजन भरायची गाडी आली. मोठे डाक्टर अमृतराव कॅन पाहून अन् त्या सकाळचं ऐकून कडाडले, "बाहेर बर्फ म्हणजे कॅन गेला, एवढं समजत नाही?" आतल्या भिंतीला केसाएवढी चीर पडली होती. नायट्रोजन त्या रिकाम्या जागेत गळला, गळता गळता त्याची वाफ झाली, अन् वाफ साऱ्या पोकळीत पसरली. मग काय, गरमी तिच्यातूनच आत शिरली, कॅन दुपारपर्यंत कोरडा. कांड्या कवाच मेल्या होत्या.

तिसऱ्या हप्त्यात भागाबाईची गाय हंबरली, पुन्हा माजावर आली. नुसतं सांगितलं असतं, बीज मेलेलं होतं, अजून एक खेप थांबा, त चंपत थांबला असता. हे गेलेबी सांगायला. पण त्याआधीच भागाबाईनं हात जोडले. "डाक्टर, माफ करा. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं दोर धरला, सारे म्हणून राह्यले, म्हणून उलटली."

नोकरी जाईल या भेवानं हे खरं न सांगताच सायकल वळवून घरी आले. दुसऱ्या दिवशी चंपतनं गाय नेली. भागाबाईनं त्यानंतर कोणाच्या जनावराला हात लावला नाही, नातवालाबी जवळ घेताना दचकायची.

आता पंच्याण्णव चालू आहे. भागाबाई जाऊन दोन वर्षं झाली. हे जेवता जेवता घास खाली ठेवतात, "कोणाची गाय हंबरली काय वं?" कोणाचीच हंबरत नाही. मी म्हणते, गुमान जेवा.

किती शिव्या घातल्या मी यांना, नामर्द म्हटलं. पण हे भागाबाईकडून परतले त्याच संध्याकाळी मला सारं माहीत झालं होतं, तवा गाय अजून दावणीला होती. भागाबाईचं घर आमच्यापासून तिसरं. मीबी गेले नाही.