भुंग्या रस्त्यात बसला तेव्हा

मंगळवारी दुपारी भुंग्या रस्त्यातच खाली बसला… आणि मी त्याला ओढलं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

भुंग्या म्हणजे आमचा आठ वर्षांचा देशी कुत्रा. भयंकर पळणारा. आम्ही गंगापूर रोडला राहतो आणि मी सातपूरला एका कंपनीत फर्स्ट शिफ्टला आहे. साडेतीनला सुटून चारला घरी आले की पर्स टेकवते आणि लगेच त्याला फिरायला नेते. त्यानंतर स्वयंपाक, लेकीचा अभ्यास, उद्याच्या भाज्या निवडणं… त्याच्यासाठी तेवढाच अर्धा तास उरतो.

त्यात एप्रिलचं ऊन आणि गल्लीत नवीन डांबर. त्या दिवशी तो तीनदा बसला. "चल ना रे, माझ्यातही जीव उरलेला नाहीये," म्हणत मी पट्टा ओढत राहिले. तसा तो आठवडाभर सकाळी उठल्यावरही आखडल्यासारखा चालायचा… मला वाटलं, आळशी झालाय.

घरी आल्यावर फरशीवर लालसर ठसे दिसले.

नवऱ्याने स्वतःची पाठदुखीची गोळी काढली. "अर्धी देऊ का?" नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला. माणसांची पेनकिलर कुत्र्याला अजिबात द्यायची नाही, जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी एकेक पंजा उघडून पाहिला. दोन पायांचे तळवे भाजून सोललेले. बोटांच्या बेचक्यात एक कुसळ रुतलेलं. मागचे सांधेही आखडलेले.

"चालताना थांबत होता का?"

"हो… तीनदा बसला."

"मग?"

"मग… मी ओढलं त्याला." त्या ओरडल्या नाहीत. "जाताना रस्त्यावर पालथा हात ठेवून बघा," एवढंच म्हणाल्या. मी ठेवला… पाच मोजायच्या आत उचलला.

आता रोज मलम आणि सांध्यांचं औषध. जखमा भरेपर्यंत फक्त शी-शूपुरतं बाहेर, तेही मोजे घालून. नंतर फिरणं सकाळी गार असताना, मातीवर किंवा गवतावर, सुरुवातीला हळूहळू. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांमध्ये पाहून कोरडे करायचे. गुळगुळीत फरशीवर त्याच्यासाठी सतरंजी.

घरी येऊन हे सगळं सांगता सांगता मी सोफ्यावर बसले. माझी शिफ्ट सकाळी सातची… गार वेळ आणायची कुठून?

तेव्हा सासरे बोलले. आठ वर्षांत त्यांनी भुंग्याला कधी नावाने हाक मारलेली नाही, "तुमचा कुत्रा" म्हणतात. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "सकाळचं मी नेत जाईन. माझेही गुडघे उठल्या उठल्या धरतात. आम्ही दोघं सावकाश जाऊ."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

काल संध्याकाळी औषध लावताना भुंग्याने माझा हात चाटला, नेहमीसारखाच… दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दमणं पटकन कळत असेल, असं मला वाटायचं. तसं नसतं हो. दमलेल्याला फक्त स्वतःचं कळतं.

त्याने मला केव्हाच माफ केलंय. मला मात्र अजून थोडा वेळ लागेल…