भिंगरी मावशीचं चालणं

भाताच्या लावणीत माझ्या मावशीच्या बरोबरीनं हात चालवणारी बाई मळवलीत नव्हती. वाकून, मागं मागं सरकत ती अशी रोपं लावत जाई की शेजारणी कंबर सरळ करेपर्यंत हिची ओळ बांधाला टेकलेली असे. गाव तिला भिंगरी म्हणे. पुढे तिला साधा पेला उचलवेना, तरी नाव तेच राहिलं.

दुखणं आलं ते अंगभर. मावशी त्याला पाव्हणा म्हणायची. "पाव्हणा आज खांद्यात मुक्कामाला हाय. उद्या मांडीत बसंल. पर जायाचं नाव न्हाई." मनगटावर बांगडी सरकली तरी कळ यायची. रात्रभर झोपूनही ती थकलेलीच उठायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं चांगलं निघालं आणि तिथंच घात झाला. सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे सोंग आहे.

मी लोणावळ्यात राहते, म्हणून तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फायब्रोमायाल्जिया असं नाव सांगितलं. मावशी रडली, आनंदानं. "म्हंजे हाय ना गं मला कायतरी?" डॉक्टर म्हणाले, हे पुरतं जाणार नाही, पण अंग हलतं ठेवा. रोज थोडं चाला. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं उरकू नका आणि दुखलं म्हणून अगदीच पडून राहू नका. मी तिला बूट घेऊन दिले. साडीखाली ते निळे बूट घालून ती रोज सकाळी मळवली स्टेशनपर्यंत जायची, बाकावर टेकायची, परत यायची. हळूहळू झोप लागू लागली, बोटांत जरा जीव आला. मी वेडी हरखून गेले.

पण चालणारी बाई आजारी कशी, हे गावाला पटेना. तिची थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती विचारायची, "बूट घालून हिंडाया जमतंय, अन् चिखलात उतराया दुखतंय व्हय?" आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. त्या ओळीतली आपली जागा जाईल, याचीच मावशीला धास्ती होती. जावेच्या खाचरात लावणी होती, त्या दिवशी तिला नेमकं बरं वाटत होतं. डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच तिनं केलं. दिवेलागणीपर्यंत वाकून लावत राहिली, तीही सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "बगितलं समद्यांनी. भिंगरी अजून फिरतीया."

दुसऱ्या दिवशी सावड तिच्याच खाचरात होती, आणि तिला खाटेवरून उठता येईना. बायका आल्या, लावणी करून दिली. सावड कुणी मोडत नाही. पण पडवीत जेवताना जाऊ बोललीच, "काल माज्या खाचरात म्होरं पळत हुती. आज सवताच्या घरी बरं दुखतंय." सकाळीच लोणावळ्याहून आलेली मी तिथंच वाढत होते. त्या बाईसमोरचं ताट ओढून घ्यावंसं वाटलं मला. आत मावशी जागी होती.

त्यानंतर तिनं बूट घातले नाहीत. मी रागावले, विनवलं, काही उपयोग झाला नाही. आता पाय काटकुळे झालेत, अंगणात जायचं तरी कुणीतरी धरावं लागतं. आणि गाव कसं हळहळतं! जाऊ स्वतः पेज घेऊन येते. "लय सोसलं गं माज्या जावंनं," म्हणत डोळ्यांना पदर लावते. तिचे अश्रू खोटे नाहीत, याचीच मला जास्त चीड येते.

परवा मी खाटेखालून बूट काढले, धूळ झटकली. म्हटलं, "मावशी, उद्यापासून परत चालू या. नुसतं दारापर्यंत. मी धरते."

तिनं बुटांकडे पाहिलं, मग दाराकडे. जावेची पेज घेऊन यायची वेळ झाली होती.

"ठिव ते खाली," ती हळूच म्हणाली. "आत्ता कुटं त्यास्नी पटलंय गं."