गोलीचा फोटो

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सर म्हणजे आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक, आणि मी त्याच शाळेत क्लार्क. शाळेबाहेर पूर्णा गावात ते मोठ्या मुलांचा एक फुटबॉल क्लब चालवतात, एवढं कानावर होतं. पण रेल्वेच्या मैदानाकडं माझे पाय कधी वळले नव्हते. मी दाखल्यांचं रजिस्टर उघडून बसले होते, तेव्हा ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"म्याडम, तुमी लग्नात फोटो काढता म्हणं. आमच्या क्लबाचे काढता का? रविवारच्या रविवार. आमच्याकडं द्यायला काही न्हाई, चहा तेवढा मिळंल."

लग्नातल्या फोटोंचं खरं होतं. माझ्या थोरल्या भावाचा स्टुडिओ होता. नवरीच्या खोलीत, हळदीला, बायकांमध्ये बाईमाणूस असलेलं बरं म्हणून तो मला सोबत न्यायचा. फोटो काढायला मी तशीच शिकले. पुढं मोबाइल आले, स्टुडिओ बसला, भाऊ झेरॉक्सच्या मशीनवर गेला आणि त्याचा कॅमेरा लांब लेन्ससकट माझ्या कपाटात आला. तीन वर्षं तो साड्यांच्या खाली पडून होता.

मी हो का म्हणाले, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. मुलगी होस्टेलवर, नवरा मालगाडीवर गार्ड, त्यामुळं रविवार मोकळा असतो हे खरं. पण मोकळा वेळ तर आधीही होता. नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "फुटबॉल? तुला?" एवढंच म्हणाला. मी त्याला भात वाढला.

पहिल्या रविवारी मी साडीवर स्पोर्ट शूज घालून गेले. लग्नात आपण म्हणतो, इकडं बघा, मान जरा वर, हात खाली, की माणूस थांबतो. इथं बावीस जण पळत होते आणि कुणी माझं ऐकायला मोकळं नव्हतं. एकदा आमचाच एक खेळाडू बॉल आणायला रेषेबाहेर माझ्याजवळ आला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "एक मिनिट, इकडं बघा." आणि तो भला माणूस खरोखर थांबला, बॉल हातात धरून हसला. मी फोटो काढला. रेफ्रीनं जोरात शिट्टी मारली. पलीकडून सर नुसते बघत राहिले.

त्या दिवशी पाहुणी टीम परभणीची होती. आमच्या जर्सी गडद निळ्या, त्यांच्या काळ्या, आणि ऊन समोरून. मला दोन्ही सारखेच दिसत होते. मग मी मनाशी एक खूण ठरवली: जे पाण्याच्या टाकीकडं पळतात ते आपले. ती खूण हाफटाइमपर्यंत चांगली चालली. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. सोमवारी शाळेत सर माझ्या मोबाइलवर फोटो बघत होते. बघता बघता त्यांचा अंगठा मंदावला.

"म्याडम, हितून पुढं सगळे परभणीचे हायेत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी काम सोडून दिलं असतं.

पुढच्या रविवारी निदान माणसं आपली आली, पण बॉल कुठल्याच फोटोत नव्हता. पाय हवेत, तोंडं वासलेली, सगळे कुठंतरी बघतायत, आणि ते ज्याच्याकडं बघतायत तेच नाही. असं का होतं ते मलाही उमगेना. मी कॅमेरा डोळ्याला लावला की माझी नजर आपोआप चेहऱ्यावर जायची. भावाला विचारलं, तर तो झेरॉक्स काढता काढता म्हणाला की बॉलच्या मागं पळू नको, बॉल जिथं येणार आहे तिथं जाऊन थांब. आता बॉल कुठं येणार हे मला कसं कळावं? पण गोलकडं तो कधी ना कधी येणारच, एवढं डोकं मी चालवलं आणि आमच्या गोलच्या मागं, जाळीला लागून उभी राहायला लागले.

अशी आमच्या गोलीशी ओळख झाली. गोलकीपरला सगळे गोलीच म्हणत. तिशीचा असेल. पालमला बी-बियाणं आणि खताच्या दुकानात कामाला होता. रविवारी सकाळच्या एसटीनं यायचा, बूट आणि हातमोजे खताच्या रिकाम्या थैलीत घालून. सगळ्या मैदानात तो एकटाच बराच वेळ एका जागी उभा असे, म्हणून मला त्याचे फोटो नीट यायचे. बॉल तिकडं लांब असला की तो माझ्याकडं पाठ ठेवूनच बोलायचा. "ताई, आता कॉर्नर हाय, सगळे इकडं येतेत, तयार राहा." त्याच्यामुळं माझ्या फोटोत पहिल्यांदा बॉल आला. ऑफसाइड म्हणजे काय, ते त्यानं मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी मान हलवली. कळलं नव्हतं, पण चौथ्यांदा विचारायची लाज वाटली.

मग बोरीच्या टीमबरोबरची मॅच आली. एक-एक असा स्कोअर होता आणि सामना संपायला आला होता. बोरीच्या एकानं लांबून बॉल मारला. मारला कसला, ढकलला. बॉल घरंगळत गोलीच्या डाव्या हाताला आला. एवढा सावकाश, की मीसुद्धा पायानं अडवला असता. गोली उभाच राहिला. बॉल त्याच्या बाजूनं आत गेला, माझ्यासमोर जाळीला लागून थांबला. माझं बोट बटणावरच होतं. तो खाली बसला, पोलला पाठ टेकली, हातमोजे डोक्यावर धरले, तोंड उघडं. मी फोटो काढत राहिले. सात-आठ काढले.

सामना संपला. आमची माणसं माना खाली घालून बाटल्या गोळा करत होती. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होते, आणि आयुष्यात एवढा स्पष्ट, एवढा जिवंत फोटो मी कधी काढला नव्हता. मी हसत होते. आपण हरलो आणि मला आनंद झालाय, हे माझ्या लक्षात आलं ते सर माझ्याकडं बघायला लागले तेव्हा. मी घाईनं तोंड सरळ केलं.

संध्याकाळी सगळे फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकले, तोही टाकला. आधी कौतुक झालं. मग कुणीतरी त्याच्यावर 'गोली झोपला' असं लिहून परत टाकला. सोमवारी दुपारपर्यंत तो कुणाकुणाच्या स्टेटसला होता. दाखल्यासाठी आलेल्या एका पालकाच्या मोबाइलवरसुद्धा मी तो पाहिला. शिक्का मारला आणि दाखला दिला. संध्याकाळी ग्रुपवर बारीक अक्षरात ओळ दिसली की गोली ग्रुपमधून बाहेर पडलाय. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा फोन केला, उचलला गेला नाही.

मी काय चूक केली ते मला कळत नव्हतं, आणि चूक केलीच नाही असंही वाटत नव्हतं. भाऊ म्हणाला, तुझ्या हातून आलेला हा सगळ्यात भारी फोटो आहे. नवऱ्यानं बघितला आणि मोबाइल परत देत म्हणाला, काढून टाक. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "फोटो चांगला हाय. टाकायला नको होता. आता टाकला तर टाकला." यातून मी काय समजायचं? मी टाकला नसता तर तो चांगला असून काय उपयोग होता? आणि लोकांनी वर जे लिहिलं, ते मी लिहिलं होतं का? असे प्रश्न माझे मीच स्वतःला विचारायचे आणि उत्तराच्या आधी थांबायचे.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी पालमची एसटी धरली. वाटेत काय बोलायचं ते जुळवलं. माफी मागायची, कारण सांगायचं नाही, लगेच निघायचं. दुकान स्टँडपासून लांब नव्हतं. तो हरभऱ्याच्या बियाण्याची पोती मोजून देत होता. मला बघून दचकला, मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्या आमच्या क्लबाच्या ताई हायेत," आणि शेजारून चहा मागवला. मी पोत्यावर बसले. दोन शेतकरी बाकावर बसलेले, त्यांच्यासमोर माफी कशी मागायची ते मी जुळवलं नव्हतं.

ते गेल्यावर मी सुरुवात केली, तर त्यानं मला थांबवलं. म्हणाला, पोळ्यापासून त्याचा डावा गुडघा गेलाय. वाकत नाही. सरांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बसवलं असतं.

"त्या बॉलला मला बसताच आलं न्हाई, ताई. लोकांना वाटलं झोप लागली. वाटू द्या. पण तुमच्या फोटोत गुडघा दिसायलाय."

त्यानं स्वतःच्या मोबाइलवर तो फोटो उघडून माझ्यापुढं धरला. त्याचा उजवा पाय दुमडलेला होता आणि डावा सरळ पुढं, काठीसारखा. मी तो फोटो पन्नास वेळा तरी पाहिला होता. चेहरा पाहिला होता, हातमोजे पाहिले होते. पाय मला दिसलाच नव्हता.

"तुम्ही चिडला होतात ना?" मी विचारलं.

"चिडलो की. दोन दिस लय चिडलो."

"आणि आता?"

"आता बी हाय थोडं," तो म्हणाला.

मी म्हणाले, ग्रुपवरून तो फोटो काढून टाकते, कॅमेऱ्यातूनही काढते. तर म्हणाला, ग्रुपमधून काढा, तुमच्याकडं असू द्या, आणि मला मोठा करून पाठवा. कशाला, असं मी विचारलं. ठेवतो, म्हणाला. गुडघ्याचं मी सरांच्या कानावर घालू का, असं विचारल्यावर मात्र तो नको म्हणाला. ते तो स्वतः सांगणार होता. निघताना त्यानं धण्याची एक पुडी माझ्या हातात दिली, कुंडीत टाका म्हणाला. एसटीत मी ती पुडी हातात घेऊन बसले. माफीचं वाक्य माझं अर्धंच राहिलं होतं. त्यानं माफ केलं की नाही, तेही त्यानं सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर गोली काय म्हणाला ते नवरा विचारेल, तर काय सांगायचं याचा मी पूर्णा येईपर्यंत विचार करत होते. घरी पोचले तर नवरा ड्यूटीवर होता.

गोलीनं सरांना गुडघ्याचं सांगितलं. दोन महिन्यांनी तो परत आला, पण खेळायला नाही. रेल्वेत लागलेला एक उंच मुलगा आता गोली आहे; हा त्याला शिकवतो आणि सामन्याच्या वेळी माझ्या शेजारी, जाळीच्या मागं, उलट्या क्रेटवर बसतो. आता त्याचं तोंड माझ्याकडं असतं. कुठं बघायचं ते तो मला सांगतो, नव्या गोलीला ओरडतो, आणि कधी कधी ओरडणं माझ्यासाठी आहे की गोलीसाठी ते मला कळत नाही. फोटोचा विषय आमच्यात परत निघाला नाही. एकदा तो त्या मुलाला हात कसे धरायचे ते दाखवत होता, उजेड चांगला पडला होता. मी विचारलं, काढू का? तो म्हणाला, "विचारता कशाला?" हे हो होतं की नाही, ते मी ठरवेपर्यंत तो उठून गेला.

मागच्या महिन्यात पाहुण्या टीमचा गोली आपल्याच माणसाला अडकून तोंडावर पडला आणि बॉल त्याच्या पाठीवरून आत गेला. मी तिकडच्या बाजूला होते. फोटो काढला आणि लगेच कॅमेऱ्याचा पडदा हातानं झाकला. सामना संपल्यावर तो पोरगा सरळ माझ्याकडंच चालत आला.

"म्याडम, मी पडलेला काढला का तुमी?"

मी म्हणाले, हो, पण काळजी करू नका, आत्ता तुमच्यासमोर काढून टाकते.

"आवं, टाकू नका. मला पाठवा. लय भारी पडलो मी."

त्यानं नंबर सांगितला. मी आमच्या जुन्या गोलीकडं बघितलं. तो जाळी सोडवत होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "पाठवा की त्याला," तो म्हणाला आणि दुसरी गाठ सोडवायला लागला. मी पाठवला. तो पोरगा आपल्या लोकांमध्ये जाऊन बसला, सगळ्यांनी मोबाइलवर डोकी घातली आणि हसण्याचा गलका झाला. मी कॅमेरा बॅगेत ठेवला, परत बाहेर काढला, न विचारताच त्यांचा तसा हसतानाचा एक फोटो घेतला. बरोबर होतं की नाही, माहीत नाही.

घरी नवरा आला होता. कसं झालं, म्हणून त्यानं विचारलं. जिंकलो, मी म्हणाले. किती गोलनं, ते मात्र मला सांगता आलं नाही.