घासाआधीचा श्वास

आमच्या शेजारचे नंदकिशोर जेवायला बसले की उठलेच म्हणून समजा. नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पाळ्या केलेला माणूस. घास चावायची सवयच राहिली नव्हती. त्यांच्या पत्नी सुचित्राताई आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत गच्चीवर योगाचा वर्ग घेत. त्या म्हणत, "अहो, मुनीकडे बघा जरा!"

मुनी म्हणजे त्यांचा राखाडी बोका. वाटी आली की तो आधी पुढचे पाय ताणून पाठ वाकवी, मग डोळे मिटून बसे. सुचित्राताई शेजारी चटईवर. दोघांचे श्वास संथ झाले की त्या हळूच म्हणत, "हं, जेव." तेव्हाच तो वाटीत तोंड घाली.

वर्गातल्या बायकांना त्या सांगत, "आसन, प्राणायाम, ध्यान आणि मग बांगडा. मुनी माझा सगळ्यात जुना विद्यार्थी."

"आणि समाधी?" नंदकिशोर विचारत.

"ती दुपारी, तुमच्या खुर्चीत."

सुचित्राताई झोपेतच गेल्या. तेव्हापासून मुनी वाटीसमोर डोळे मिटून बसे आणि तसाच उठून जाई. नंदकिशोरांनी सगळ्या सुरांत "हं, जेव" म्हणून पाहिलं. तो जेवेना, म्हणून हेही जेवेनात. "तो खाऊ दे, मग बघू," एवढंच म्हणत. प्राण्यांच्या डॉक्टरांनी नंदकिशोरांच्या मुलीला, प्राचीला, बजावलं की बोका आणखी उपाशी राहिला तर हाती लागणार नाही.

सुतकाच्या घरात मासळी चालत नाही, म्हणून मी मुनीला माझ्याकडे आणलं. दिवाळे गावची कोळीण गोजरा मासळीची पाटी घेऊन आली. "साधू झालास काय रं? ताजा बोंबील आनलाय तुज्यासाठी. खा मुकाट!"

मुनीने डोळे उघडले नाहीत. पाटी उचलताना गोजरा हलक्या आवाजात म्हणाली, "बाय, ह्यो कोनाची तरी वाट बगतोय."

रात्रभर तो माझ्या बंद दाराआड, माझ्या पायांशी होता.

सकाळी अस्थी आणायला निघण्याआधी नंदकिशोरांचे थोरले भाऊ हौसेराव यांनी टोपली उचलली. सुचित्राताई जिथे गेल्या तिथे पीठ पसरून ती उपडी घातली होती, शेजारी दिवा. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते पिठावर उमटतं म्हणतात.

पिठावर मांजराचं पाऊल होतं. एकच.

"बोका कुठे होता?" हौसेरावांनी विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणाले. प्राची दिव्यापाशी जागी बसून होती. तिने नुसती मान हलवली. कोणी आलं नव्हतं.

मग नंदकिशोरच हसले. "तिचं मार्जारासन कधी नीट जमलं नाही. आता जमेल." हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मी मुनीला घेऊन आले. चटईजवळ दूधभाताची वाटी ठेवली. त्याने पाय ताणले, बसला, डोळे मिटले. पंखा बंद होता. आम्ही कोणीच "हं, जेव" म्हणालो नाही. थोड्या वेळाने त्याचा एक कान रिकाम्या चटईकडे वळला, आणि तो जेवू लागला.

"प्राची, मलाही वाढ," नंदकिशोर म्हणाले.

आता ते चटईशेजारीच ताट घेऊन बसतात. घास हातात धरून थांबतात. मी कधी आमटी घेऊन गेले की कान देऊन ऐकते. मला काहीच ऐकू येत नाही. पण ते आणि मुनी, दोघेही पहिला घास एकाच क्षणी घेतात.